पुसलेला मजकूर कुठे जातो?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी दिलेली मुदत आज संपते आहे. लेखकाने तीन आठवडे खपून चोवीस पानांचा लेख संगणकावर टाइप केला आहे. अखेरचा हात फिरवत असतानाच वीज जाते. ती परतल्यावर फाइल उघडायला जावे, तर 'फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येतो. दुसऱ्या एखाद्या घरी पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने वर्ड बंद करताना 'बदल जतन करायचे का?' या प्रश्नाला घाईघाईत 'नाही' असे उत्तर दिलेले असते. तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षकाला वीस वर्षांपूर्वी टाइप केलेल्या आठवणी जुन्या सीडीवर सापडतात. फाइल उघडते, पण आत मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची खिचडी दिसते.

तिघांचीही समजूत एकच होते : लिहिलेले गेले. ही समजूत पुष्कळदा चुकीची असते. संगणकावरचा मजकूर एका क्षणात समूळ नाहीसा होण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. बहुतेक वेळा मजकूर जागेवरच असतो. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडलेली असते. मात्र घाबरलेल्या माणसाच्या खटपटीत त्याच मजकुरावर दुसरे काही लिहिले जाते आणि मग खरोखरच इलाज उरत नाही. म्हणून नेमके काय बिघडले आहे हे आधी ओळखणे आणि मगच हात लावणे, हा या विषयातला पहिला धडा होय.

आधी हात आवरावा

ग्रंथालयातल्या कपाटांत पुस्तके असतात आणि काउंटरजवळ त्यांच्या नोंदींची कार्डे असतात. एखादे पुस्तक रद्द करायचे म्हणून केवळ त्याचे कार्ड फाडले, तर पुस्तक कपाटातच राहते. ते कुणाला सापडत नाही, इतकेच. नवे पुस्तक आले की ग्रंथपाल ती जागा मोकळी समजून जुने पुस्तक उचलतो व तिथे नवे ठेवतो. संगणकाच्या डिस्कवर फाइल पुसली जाते ती याच रीतीने.

फ्लॉपीच्या आणि सुरुवातीच्या हार्ड डिस्कच्या काळात वापरली जाणारी 'फॅट' ही व्यवस्था फाइल पुसताना तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक खुणेचा आकडा लिहीत असे आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी म्हणून नोंदवत असे. मजकुराला हातही लागत नसे. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या 'नॉर्टन युटिलिटीज'चा लौकिक झाला, तो पुसलेली फाइल परत आणण्याच्या सोयीमुळेच. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डांवर या व्यवस्थेचे वंशज आजही आढळतात. विंडोजच्या हार्ड डिस्कवर 'एनटीएफएस' ही व्यवस्था असते. तिथेही फाइलची नोंद 'वापरात नाही' अशी केली जाते आणि मजकूर नवे काही येईपर्यंत पडून राहतो.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. फाइल पुसली गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. हरवलेली फाइल शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेणे, ही नेहमी घडणारी चूक. ज्या जागेतून मजकूर मिळवायचा, नेमक्या त्याच जागेवर ते सॉफ्टवेअर जाऊन बसण्याचा धोका असतो. ते दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवरून चालवावे आणि सापडलेली फाइलही वेगळ्या डिस्कवरच ठेवावी. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत ही दक्षता अधिकच गरजेची.

शोध घेण्यासाठी 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. नाव छायाचित्रांचे असले तरी ते वर्डच्या फाइलीही शोधते. नोंदीचे कार्ड फाटले असले तरी ते प्रत्येक कप्प्यातली पहिली काही चिन्हे तपासते. वर्डच्या जुन्या फाइलीची खूण मोठी मजेदार आहे. तिचे पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीने लिहिले, तर 'डी ० सी एफ १ १ ई ०' असे होतात. शून्याला 'ओ' आणि दोन एकांना 'आय' व 'एल' समजून अखेरचे शून्य सोडले की रोमन लिपीत 'डॉकफाइल' असा शब्द वाचता येतो. नव्या फाइलीची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी होते. ती झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे होत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी 'एसएसडी' असते. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून संगणक अशा डिस्कला 'ही जागा आता लागत नाही' असे कळवतो आणि डिस्क ती जागा स्वतःहून साफ करून ठेवते. या आज्ञेला 'ट्रिम' म्हणतात. तिच्यामुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी उरते. कार्ड फाडताक्षणी पुस्तक रद्दीत देणारा हा ग्रंथपाल आहे.

जतन न केलेल्या पानांचा शोध

फाइल मुद्दाम पुसलेली नाही, फक्त जतन करायची राहिली, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. वर्डमध्ये 'ऑटोरिकव्हर' नावाची सोय आहे. ती मूळ फाइलीला धक्का न लावता ठरावीक अंतराने मजकुराची वेगळी प्रत करून ठेवते. हे अंतर मुळात १० मिनिटांचे असते. 'ऑप्शन्स'मधील 'सेव्ह' या भागात जाऊन ते दोन-तीन मिनिटांवर आणणे शहाणपणाचे. वीज गेली किंवा संगणक अडकला, तर पुढच्या वेळी वर्ड उघडताच डाव्या बाजूला मिळालेल्या प्रतींची यादी दिसते. ती घाईने बंद करू नये. यादीतील प्रत्येक प्रत उघडून, वेगळे नाव देऊन जतन करावी आणि मगच कोणती ठेवायची ते ठरवावे.

'नाही' या बटणावर टिचकी पडली असेल, तर वर्ड २०१० पासून आणखी एक दार उघडे आहे. 'फाइल' या यादीतील 'इन्फो' या पानावर 'मॅनेज डॉक्युमेंट' असे बटण असते आणि त्याखाली 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' हा पर्याय. एकदाही नाव न दिलेल्या फाइलींच्या प्रती तिथे साधारणपणे ४ दिवस राहतात. आधी नाव दिलेली फाइल बदल न जतन करता बंद केली असेल, तर ती फाइल पुन्हा उघडून याच पानावर 'जतन न करता बंद केली तेव्हाची' प्रत दिसते का, ते पाहावे. अट एवढीच की फाइल ऑटोरिकव्हरची एक फेरी होईपर्यंत तरी उघडी राहिलेली असावी. आठ मिनिटांत लिहून बंद केलेल्या पत्राची प्रत तिथे मिळणार नाही.

फोल्डर धुंडाळताना काहींना मूळ फाइलीच्याच नावाची, पण आरंभी लहरी रेघ व डॉलरचे चिन्ह असलेली एक लपलेली फाइल सापडते आणि हायसे वाटते. तो आनंद फोल ठरतो. ती फाइल जेमतेम १६२ बाइटांची असते आणि मूळ फाइल सध्या कोणी उघडली आहे एवढेच तिच्यात लिहिलेले असते. खरा मजकूर असू शकतो तो लहरी रेघेनंतर 'डब्ल्यूआरडी' किंवा 'डब्ल्यूआरएल' अशी अक्षरे असलेल्या तात्पुरत्या फाइलींत. वर्ड फाइल जतन करताना थेट जुन्या प्रतीवर लिहीत नाही. ते आधी तात्पुरती फाइल लिहिते, मग जुनी बाजूला करून नवीला तिचे नाव देते. या घडामोडीच्या मधोमध वीज गेली, तर तात्पुरती फाइल तशीच मागे राहते. तिची प्रत करून ती वर्डमध्ये उघडून पाहावी.

आणखी एक साधा उपाय पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चुकून दहा पाने खोडून फाइल जतन केली, तरी जोवर ती बंद केलेली नाही तोवर 'अनडू' चालते. 'कंट्रोल' आणि 'झेड' या कळा वारंवार दाबत मागे जाता येते. फाइल बंद केली की मात्र ही वाट मिटते.

फाइल आहे, पण उघडत नाही

खराब झालेल्या फाइलीवर उपचार करण्यापूर्वी तिची प्रत काढावी आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. पहिला उपाय वर्डमध्येच आहे. 'ओपन'च्या चौकटीत फाइल निवडून 'ओपन' या बटणाशेजारचा छोटा बाण दाबला की 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय दिसतो. तो निष्फळ ठरला, तर तीच फाइल 'लिब्रेऑफिस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. दोन सॉफ्टवेअर एकच फाइल वेगवेगळ्या रीतीने वाचतात; एक जिथे अडते तिथे दुसरे पुढे जाऊ शकते.

याहून पुढे जायचे, तर फाइलीच्या पोटात काय असते हे ठाऊक हवे. वर्ड २००३ पर्यंतची 'डॉक' फाइल म्हणजे एका फाइलीत वसवलेली छोटीशी डिस्कच. तिच्यात लहान लहान खण असतात आणि कोणत्या खणानंतर कोणता खण वाचायचा याची यादी असते. ही यादी बिघडली की फाइल उघडत नाही, पण खणांमधील अक्षरे शाबूत राहू शकतात. अशा वेळी 'ओपन'च्या चौकटीत फाइलीचा प्रकार म्हणून 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' निवडावा. अक्षरांचा आकार, चित्रे आणि मांडणी यांवर पाणी सोडावे लागते. हाती लागतो तो निव्वळ मजकूर, तोही थोड्याफार कचऱ्यासह. ज्याचे वर्षाचे काम अडले आहे, त्याला तेवढेही पुरेसे असते.

वर्ड २००७ पासूनची 'डॉकएक्स' फाइल वेगळ्या जातीची आहे. ती वास्तविक झिप पद्धतीने आवळून बांधलेले गाठोडे असते. तिच्या प्रतीच्या नावातील शेवटचा 'डॉकएक्स' हा भाग काढून 'झिप' असा केला की गाठोडे सोडता येते. आत 'वर्ड' नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. लेखाचा सारा मजकूर इथे साध्या अक्षरांत असतो. अधूनमधून टोकदार कंसांतील खुणा तेवढ्या दिसतात. वर्ड एक्सएमएलच्या बाबतीत फार कडक आहे. एक खूण अपुरी राहिली तरी ते सबंध फाइल नाकारते. परंतु ती एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते आणि खुणा वगळून मजकूर उचलता येतो.

गाठोडेही सुटत नसेल, तर त्याचे कारण बहुधा शेवटाशी असते. झिप फाइलीची अनुक्रमणिका पुस्तकासारखी आरंभी नसून शेवटी असते. पेन ड्राइव्ह वेळेआधी ओढून काढला किंवा फाइल अर्धवट उतरली, तर सर्वांत आधी अनुक्रमणिकाच नाहीशी होते. प्रकरणे जागेवर असतात. तुटलेली झिप फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर ती प्रकरणे एकेक करून वाचतात आणि अनुक्रमणिका नव्याने तयार करतात.

एका स्थितीत मात्र फाइलीशी झुंजत बसण्यात अर्थ नसतो. वीज गेल्यानंतर कधी कधी फाइलीचा आकार बरोबर दिसतो, पण आत आरंभापासून अखेरपर्यंत नुसती शून्ये असतात. डिस्कने फाइलीची नोंद पूर्ण केलेली असते, पण मजकूर लिहिण्याआधीच वीज गेलेली असते. अशा फाइलीत काढण्याजोगे काही नसतेच. तिचा नाद सोडून तात्पुरत्या फाइली, ई-मेलने पाठवलेली प्रत, कार्यालयातील संगणक यांकडे वळावे. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या महाराष्ट्रात यूपीएसचे मोल वेगळे सांगायला नको.

पुसलेला मजकूर बोलू लागतो

खोडलेले शब्द फाइलीत मागे राहतात, ही गोष्ट सर्वांनाच सुखाची असते असे नाही. जुन्या वर्डमध्ये फाइल झटपट जतन करण्याची एक सोय होती. तिच्यात मूळ मजकूर तसाच ठेवून नवा भाग फाइलीच्या शेवटी जोडला जाई आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमाने दाखवायचा याची यादी तेवढी बदलली जाई. खोडलेला परिच्छेद यादीतून वगळला जाई, फाइलीतून नव्हे. त्यामुळे ग्राहकाला पाठवलेल्या दरपत्रकात आधीच्या ग्राहकाचे आकडे लपून बसणे शक्य होते. संगणकांचा वेग वाढल्यावर या सोयीची गरज उरली नाही आणि वर्ड २००७ पासून ती वापरात राहिली नाही.

मजकुराइतकीच बोलकी असते ती फाइलीची पार्श्वभूमी. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीचे एक टिपण वर्ड फाइलीच्या रूपात प्रसिद्ध केले. तिच्यात शेवटच्या १० बदलांची नोंद शिल्लक होती आणि तीवरून फाइल कोणाकोणाच्या हातांतून गेली ते जगाला वाचता आले.

त्याहून गंभीर प्रसंग अमेरिकेतील विचिटा शहरातला. तिथे १९७४ ते १९९१ या काळात १० जणांचे खून करणारा माणूस पोलिसांना आणि वृत्तपत्रांना निनावी पत्रे पाठवत असे. फ्लॉपी पाठवली तर तीवरून माग लागेल का, असे त्याने पोलिसांनाच विचारले आणि पोलिसांनी वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून 'हरकत नाही' असे कळवले. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याची फ्लॉपी एका दूरचित्रवाणी केंद्राकडे आली. तीवर आधीच पुसून टाकलेली एक वर्ड फाइल तपासनीसांना मिळाली. फाइलीच्या माहितीत एका चर्चचे नाव होते आणि अखेरचा बदल करणाऱ्याच्या जागी 'डेनिस' असे लिहिलेले होते. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर काही दिवसांतच पकडला गेला. इतर पुराव्यांनी गुन्हा शाबीत झाला, पण तीस वर्षे न सापडलेले नाव पहिल्यांदा हाती लागले ते पुसलेल्या फाइलीतून.

मराठीची वेगळी व्यथा

इथवर सांगितलेले सारे कोणत्याही भाषेला लागू आहे. मराठी मजकुराच्या वाट्याला मात्र आणखी एक संकट आले, आणि त्यात डिस्क किंवा वीज यांचा काहीही दोष नाही.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोडचा प्रसार होण्याआधी एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे अवघ्या २५६ जागा उपलब्ध होत्या. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हा भारतीय लिप्यांसाठीचा समान संकेत मान्य केला. पण छपाईच्या बाजारात चलती होती ती फॉन्टची. 'श्रीलिपी', 'आकृती', 'आयएसएम' अशा संचांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले : कुठे अर्धा 'क', कुठे काना, कुठे रफार. प्रत्येकाची बसवण्याची रीत निराळी. एका फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर 'त' होता, त्याच आकड्यावर दुसऱ्यात वेलांटी. या फॉन्टच्या दृष्टीने वर्डमधली फाइल देवनागरी नव्हतीच. ती रोमन चिन्हांची रांग होती आणि फॉन्टचा मुखवटा चढवल्यामुळे मराठी दिसत होती. मुखवटा हरवला की खिचडी दिसणारच. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनाही सुरुवातीच्या वर्षांत याच कारणाने आपापला फॉन्ट पुरवावा लागत असे.

कवितासंग्रह, प्रबंध, संस्थांचे इतिवृत्त, स्मरणिका, न्यायालयीन अर्ज असा दीड-दोन दशकांचा मराठी मजकूर या पद्धतीने टाइप झालेला आहे. तो नाहीसा झालेला नाही, पण वर्षागणिक वाचेनासा होतो आहे. तो सोडवण्याचा मार्ग आहे. तो नीट क्रमाने चालावा लागतो.

प्रथम फाइल जशी आहे तशी राखावी. खिचडी दिसते म्हणून ती निवडून दुसरा फॉन्ट लावून जतन करू नये आणि मजकूर नोटपॅडमध्ये उतरवू नये. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव फाइलीत नोंदलेले असते. मजकुरावर दर्शक नेला की वरच्या चौकटीत ते दिसते. हे नाव हीच किल्ली. शिवाय लेखात मधूनमधून इंग्रजी शब्द असतील, तर कोणता शब्द इंग्रजी आणि कोणती रोमन अक्षरे मुखवट्याची, हे केवळ फॉन्टच्या नावावरूनच ठरवता येते. नोटपॅडमध्ये ही खूण पुसली जाते. वर्डचा 'ऑटोकरेक्ट'ही बंद ठेवावा. तो या मजकुराला इंग्रजी समजतो, वाक्यारंभीचे रोमन अक्षर मोठे करतो, आणि मुखवट्याखाली एक मराठी अक्षर गुपचूप बदलून जाते.

फॉन्ट कळला की त्याच फॉन्टसाठी तयार केलेले परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि त्या जगभर एकच आहेत. परंतु हे रूपांतर अक्षराला अक्षर ठेवण्याइतके सरळ नसते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. 'किती' या शब्दात आधी पहिली वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : आधी 'क', मग वेलांटी. 'सूर्य' शब्दातला रफार जुन्या फॉन्टमध्ये 'य'नंतर येई, युनिकोडमध्ये तो 'य'च्या आधी येतो. परिवर्तक कच्चे असेल, तर वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळताना दिसतात.

डोळ्यांना खुपणारी चूक निदान दुरुस्त होते. न खुपणारी अधिक धोक्याची. मराठीचा खास असा 'ऱ्य' हिंदीत लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक त्याचा रफार करण्याचा संभव असतो. मग सह्याद्रीच्या 'दऱ्या' समुद्राचा 'दर्या' होतात आणि 'आचाऱ्यांना' दिलेले स्वयंपाकाचे मानधन 'आचार्यांना' दिल्याची नोंद इतिवृत्तात होते. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही शब्द मान्य असल्याने ते मूग गिळून बसते. म्हणून रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार, 'ऱ', 'ळ', 'द्ध' आणि 'द्य' यांसारखी जोडाक्षरे आणि आकडे यांची तपासणी माणसाच्या डोळ्यांनीच व्हावी.

मूळ फाइल मिळाली नाही आणि छापील प्रत असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. पाने स्कॅन करून त्यांतील अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आता मराठी वाचतात. 'टेसरॅक्ट' हे त्यांपैकी मोफत मिळणारे. जुना दिवाळी अंक अशा वेळी सर्वांत भरवशाचा ठरतो.

चौकोन, टोपीवाला 'ए' आणि प्रश्नचिन्ह

पडद्यावर मराठीऐवजी काय दिसते, त्यावरून रोग ओळखता येतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर सुखरूप आहे. संगणकाला संकेत कळले आहेत, ते काढून दाखवायला फॉन्ट तेवढा नाही. देवनागरीचा युनिकोड फॉन्ट बसवला की काम होते.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' वारंवार दिसत असेल, तरीही मजकूर सुखरूप आहे. युनिकोडच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांचे असते. ते तिन्ही सुटे सुटे वाचले गेले की हे रूप दिसते. फाइल उघडताना 'यूटीएफ-८' हा संकेत निवडला की मराठी पूर्ववत होते. या अवस्थेत फाइल पुन्हा जतन करणे मात्र टाळावे.

ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरलेल्या असतील, तर बातमी वाईट आहे. मराठी मजकूर 'साधा मजकूर' म्हणून, देवनागरीची जागाच नसलेल्या जुन्या संकेतात जतन केला की वर्ड प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिते. 'अ' असो की 'ज्ञ', आकडा एकच. त्या फाइलीतून मूळ अक्षर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. आधीची प्रतच शोधावी लागते.

प्रतींचे महत्त्व

शोधाअंती अनेकदा तीन-चार अर्धवट प्रती हाती येतात. एकीत आरंभ चांगला, दुसरीत शेवट पुरा, तिसरीत मधली दुरुस्ती. वर्डच्या 'रिव्ह्यू' या भागातील 'कम्पेअर' ही सोय दोन प्रतींतले फरक रंगाने दाखवते. त्यांतून एक पाठ सिद्ध करायचा असतो. हे काम मराठीला नवे नाही. नकला होता होता ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती अनेक असल्या की चुकाही शिरतात; पण प्रतीच नसतील तर शुद्ध करायला काही उरत नाही.

म्हणून प्रतींची सवय हाच खरा विमा. १९७८ साली आलेला 'वर्डस्टार' फाइल जतन करताना आधीची प्रत आपण होऊन बाजूला ठेवत असे. वर्डमध्येही 'ऑप्शन्स'मधील 'अॅडव्हान्स्ड' या भागात 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' ही तशीच सोय आहे. ती मुळात बंद असते, ती सुरू करून ठेवावी. वनड्राइव्ह किंवा गुगल डॉक्सवर लिहिणाऱ्यांना जुन्या आवृत्त्यांची यादी मिळते. तिथे चुकाही आपोआप जतन होतात, हे ध्यानात ठेवून मोठी काटछाट करण्यापूर्वी फाइलीची वेगळी प्रत करावी. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, असा जाणकारांचा संकेत आहे.

निवृत्त शिक्षकाच्या सीडीवरील आठवणींना हा नियम उशिरा लागू होतो आहे. पण सीडी अजून वाचली जाते आहे, फॉन्टचे नाव फाइलीत आहे आणि तो फॉन्ट वाचणारे परिवर्तक मिळते आहे. या तीन गोष्टी एकाच वेळी हाताशी असण्याचे दिवस मोजके आहेत. घरातल्या जुन्या सीड्या आणि फ्लॉप्या कपाटातून काढून पाहायच्या असतील, तर त्या याच सुट्टीत पाहिलेल्या बऱ्या.